पळत्याच्या पाठी

पाण्याची बाटली प्रयोगशाळेत पोचली की नमुना कुठला, कुणी घेतला, काय तपासायचे, एवढी नोंद सहसा पुरते. फ्लोराइड, क्लोराइड, कठीणपणा ही मंडळी पाण्यात मुक्कामाला असतात. बाटली काल भरली काय आणि परवा भरली काय, त्यांच्या आकड्यांत फारसा फरक पडत नाही. रेडॉन मोजायचा असला तर मात्र पहिला प्रश्न वेळेचा येतो. बाटली किती वाजता भरली? नुसती तारीख सांगून भागत नाही, तास आणि मिनिट लागते. ते लिहिलेले नसेल, तर पाणी कितीही जपून आणलेले असो, त्यातून निघालेल्या आकड्याला अर्थ उरत नाही.

याचे कारण रेडॉन दोन वाटांनी निसटतो. तो वायू आहे आणि पाण्यापेक्षा हवा त्याला जास्त मानवते. २० अंश सेल्सिअसला बंद भांड्यात पाणी आणि हवा शेजारी ठेवली, तर समतोल साधल्यावर लिटरभर पाण्यात जितका रेडॉन राहतो त्याच्या चौपट लिटरभर हवेत जाऊन बसतो. पाणी तापवले की पाण्यातला वाटा आणखी घटतो. ही झाली पहिली वाट. दुसरी वाट कुठलेच झाकण अडवू शकत नाही, कारण हा वायू किरणोत्सारी आहे आणि त्याचे अणू स्वतःच फुटून दुसऱ्या मूलद्रव्याचे होत असतात. ३.८२ दिवसांत निम्मे संपतात. आठवड्याने २८ टक्के उरतात. महिन्याने जवळजवळ काहीच नाही.

हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागू नये, हे आपल्याकडचे जुने शहाणपण. रेडॉन मोजणारी माणसे गेली सव्वाशे वर्षे नेमके याच्या उलट वागत आली आहेत आणि त्यांच्या पदरी बरेच काही पडले आहे. पाणी कोणत्या खडकातून आले, नदीत किती झिरपले, समुद्रात कुठे मिसळले, हे मुक्कामी क्षारांपेक्षा हा पळता वायू कधी कधी अधिक नेमके सांगतो. त्याची अट एकच. मोजणाऱ्याने पाण्यापाशी जायला हवे.

दगडातून पाण्यात

रेडॉनचा जन्म खडकात होतो. युरेनियम-२३८ चे अर्धायुष्य सुमारे ४.५ अब्ज वर्षे. त्याच्या वंशावळीत पुढे रेडियम-२२६ येते, अर्धायुष्य १६०० वर्षे. रेडियमचा अणू अल्फा कण बाहेर टाकतो आणि रेडॉन-२२२ होतो. या साऱ्या वंशावळीत वायुरूप एवढा एकच. आधीचे आणि नंतरचे सगळे घनरूप, जिथे जन्मले तिथेच चिकटून राहणारे. थोरियमच्या वंशावळीतही रेडॉनचा एक भाऊबंद आहे, त्याला थोरॉन म्हणतात. पण त्याचे अर्धायुष्य ५६ सेकंदांचे. विहिरीतून वर येईपर्यंतच त्याचा निकाल लागलेला असतो.

अल्फा कण एका बाजूला सुटला की नवा रेडॉन अणू धक्क्याने दुसऱ्या बाजूला फेकला जातो. हा धक्का त्याला खनिजात मीटरच्या एका कोट्यंशाहूनही कमी अंतर नेतो. म्हणजे खनिजकणाच्या पृष्ठभागालगत जन्मलेला अणूच फटीतल्या पाण्यात पडू शकतो. आतल्या आत जन्मलेला तिथेच संपतो. खडकात युरेनियम किती, याच्याइतकेच ते कुठे बसले आहे, फटी किती आहेत आणि त्या फटींच्या भिंतींवर रेडियमचा थर किती चढला आहे, यावर पाण्यातला रेडॉन ठरतो.

आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात युरेनियम थोडे, साधारणपणे दशलक्ष भागांत एका भागाहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये ते ३ ते ५ भाग असते. त्यामुळे सह्याद्रीच्या बेसॉल्टमधली विहीर आणि बंगळुरूच्या ग्रॅनाइटमधली विंधन विहीर यांच्या पाण्यात मोठा फरक पडतो. शिवाय पाणी खडकाच्या संगतीत तीन-चार आठवडे राहिले की जन्मणारा आणि संपणारा रेडॉन यांचा हिशेब जुळतो, आकडा स्थिरावतो. त्याहून जुने काही रेडॉनला आठवत नाही. पाण्याने गेल्या महिन्यात कोणत्या दगडाशी संगत केली, एवढेच तो सांगतो, पण तेवढे खात्रीने सांगतो.

हे प्रमाण केवढे असते? बेकरेल हे किरणोत्साराचे एकक, सेकंदाला एक अणू फुटणे म्हणजे एक बेकरेल. रेडॉनचे सुमारे ४ लाख ७६ हजार अणू जमले तर त्यातला सरासरी एक दर सेकंदाला फुटतो. लिटरला १० बेकरेल रेडॉन असलेल्या पाण्यात या वायूचे सुमारे ४८ लाख अणू असतात. त्याच लिटरमध्ये पाण्याच्या रेणूंची संख्या ३३ वर २४ शून्ये. रसायनशास्त्राच्या कुठल्याही तराजूत न सापडणारी ही मात्रा. ती सापडते, कारण फुटणारा प्रत्येक अणू स्वतःची वर्दी देऊन जातो.

नळापासून कुंडापर्यंत

१८९९ मध्ये माँट्रियलला रुदरफर्ड आणि ओवेन्स यांना थोरियममधून काहीतरी किरणोत्सारी बाहेर वाहताना आढळले. १९०० मध्ये जर्मनीत हाले इथे फ्रीडरिख डॉर्न यांनी रेडियममधून निघणारा तसाच वायू नोंदवला. पुढच्या दोन-तीन वर्षांतच हा वायू पाण्यात सापडू लागला. केंब्रिजच्या जे. जे. थॉमसन यांनी, इलेक्ट्रॉनच्या शोधाचे धनी तेच, १९०३ मध्ये चक्क गावच्या नळाच्या पाण्यातून किरणोत्सारी वायू निघत असल्याचे लिहिले. केंब्रिजचे पाणी खोल विहिरींमधून येई. १९०४ मध्ये पिएर क्युरी आणि लाबोर्द यांनी उष्ण झऱ्यांतून सुटणाऱ्या वायूंचा किरणोत्सार मोजला.

त्या काळचे उपकरण म्हणजे विद्युतदर्शी. धातूच्या डब्यात सोन्याचे पातळ पान विद्युतभार देऊन ताणून ठेवायचे, डब्यात वायू सोडायचा आणि पान किती वेगाने खाली येते ते सूक्ष्मदर्शकातून पाहायचे. अल्फा कण हवेचे आयन करतात, आयन भार पळवतात, पान झुकते. पाण्यासाठी याची सुटसुटीत आवृत्ती निघाली. मोठ्या डब्यात पाणी घालून जोरात हलवायचे, वायू वर हवेत येतो, वर बसवलेले विद्युतदर्शी वाचायचे. झऱ्याकाठी नेता येईल असे हे यंत्र होते, आणि ते तिथे न्यावेच लागे. व्हिएन्नाच्या हाइनरिख माखे यांनी ऑस्ट्रियातल्या गास्टाइनच्या झऱ्यांवर काम केले आणि पाण्यातल्या रेडॉनच्या एककाला त्यांचेच नाव मिळाले. एक माखे म्हणजे लिटरला सुमारे १३.५ बेकरेल. किरणोत्साराचे प्रसिद्ध एकक ‘क्युरी’ हेसुद्धा १९१० मध्ये ठरले तेव्हा एक ग्रॅम रेडियमशी समतोलात असलेल्या रेडॉनचे माप होते. रेडियमचे माप म्हणून ते ओळखले जाऊ लागले नंतर.

ही लाट मुंबई इलाख्यातही पोचली. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे जेझुइट धर्मगुरू फादर स्टाइखेन यांनी १९१० च्या दशकात इलाख्यातल्या उन्हाळ्यांचा, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्यांचा, किरणोत्सार मोजला. १९१६ मध्ये लंडनच्या ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये त्यांचा निबंध आला. तो होता पंचमहालातल्या टुवा इथल्या उष्ण झऱ्यांवर आणि त्याचा विषय होता त्यांच्या किरणोत्सारातील चढउतार. एकदा मोजून ‘या झऱ्याचा आकडा अमुक’ असे सांगणे त्यांना पुरेसे वाटले नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. आजही पुष्कळ अहवाल एका भेटीच्या आकड्यावर थांबतात.

या मोजमापामागे विज्ञान होते तसा बाजारही होता. उष्ण झऱ्यात बरे करण्याचा गुण असतो, हा समज जगभर जुना. वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरीची कुंडे असोत की रत्नागिरी जिल्ह्यातले तुरळ, राजवाडी, उन्हवरे, अंघोळीला माणसे पिढ्यान्‌पिढ्या जात आली. त्या गुणाचे रहस्य आता सापडले, ते म्हणजे रेडॉन, असे युरोपात अनेकांना वाटले. बोहेमियातल्या याखिमोव इथे १९०६ पासून रेडॉनस्नाने सुरू झाली. झऱ्यावर जाणे परवडत नाही त्यांच्यासाठी अमेरिकेत घरगुती भांडी निघाली. त्यातले ‘रेव्हिगेटर’ १९१२ मध्ये पेटंट झाले. आतून रेडियमयुक्त खनिजाचा लेप असलेला हा रांजण. रात्री पाणी भरायचे, सकाळी रेडॉनसकट प्यायचे. अमेरिकन मेडिकल असोसिएशन तेव्हा अशा उपकरणांना मान्यता देताना एक अट घाले. दिवसाला लिटरमागे २ मायक्रोक्युरीहून जास्त रेडॉन तयार व्हायला हवा, नाहीतर ते उपकरण म्हणजे फसवणूक. २ मायक्रोक्युरी म्हणजे ७४,००० बेकरेल.

१९९९ मध्ये अमेरिकेच्याच पर्यावरण संरक्षण संस्थेने पिण्याच्या पाण्यातील रेडॉनसाठी कमाल मर्यादा प्रस्तावित केली ती लिटरला ११.१ बेकरेल. एकाच देशात एकाच वायूच्या किमान आणि कमाल आकड्यांत हजारो पटींचे अंतर पडले. मोजण्याची रीत सुधारत गेली होती, पण हे अंतर सुधारलेल्या रीतीमुळे पडले नाही. दरम्यान खाणकामगारांची फुप्फुसे तपासली गेली होती. १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने रेडॉनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले. आकडा अचूक असला म्हणून त्याचा अर्थही बरोबर लागतो असे नाही, याचे यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागेल.

बुडबुडा नको

आता प्रत्यक्ष बोअरवर जाऊ. पंप सुरू केल्यावर पहिले येणारे पाणी घ्यायचे नाही. ते नळीत उभे राहिलेले असते, त्यातला रेडॉन काही विरलेला, काही उडालेला. खडकातले ताजे पाणी येईपर्यंत उपसा चालू ठेवायचा. ते आले हे कशावरून ओळखायचे? पाण्याचे तापमान आणि विद्युतवाहकता पुन्हा पुन्हा मोजायची आणि दोन्ही स्थिर झाली की मगच बाटली पुढे करायची. उन्हाळ्यात हे पाहून बोअरचा मालक अस्वस्थ होतो, आणि त्याचे चुकत नाही. जाणती मंडळी आधीच नळी वाफ्यात किंवा हौदात सोडून ठेवतात, म्हणजे नमुनाही मिळतो आणि पाणीही फुकट जात नाही.

बाटली काचेची. प्लास्टिकच्या भिंतीतून हा वायू हळूहळू झिरपून जातो. तोटीखाली बाटली धरून धो धो भरली तर अर्धे काम तिथेच बिघडते, कारण उंचावरून पडणारे, खळखळणारे पाणी वायू सोडून देते. सोड्याची बाटली हलवून उघडली तर जे होते तेच इथे होते, फक्त फेस दिसत नाही. म्हणून नळी बाटलीच्या तळाशी टेकवायची, पाणी सावकाश वर येऊ द्यायचे, बाटलीचे पाणी दोन-तीनदा ओसंडू द्यायचे. काही जण बाटली बादलीतल्या पाण्यात पूर्ण बुडवून पाण्याखालीच झाकण लावतात. मग बाटली उलटी करून उजेडाकडे धरायची. वर बुडबुडा चढताना दिसला तर ती बाटली रिकामी करून पुन्हा पहिल्यापासून. रेडॉनला हवा जास्त प्रिय आहे हे वर आलेच. बाटलीतला लहानसा बुडबुडाही आपल्या आकाराच्या मानाने जास्त वाटा गिळतो आणि झाकण उघडताक्षणी घेऊन जातो.

हातपंपावर हे सगळे जमणे कठीण. दांडा मारताना पाणी आणि हवा आतच घुसळली जातात, त्यामुळे आकडा कमी येण्याकडे कल असतो. हौदातले, टाकीतले, माठातले पाणी तर या कामाला निरुपयोगी. माणूस काय पितो हे कळायला ते मोजावे, पण खडक काय देतो हे त्यातून कळत नाही. मुंबईला पाणी पुरवणारे तानसा, वैतरणा, भातसा हे उघडे जलाशय आहेत. उघड्यावरच्या पाण्यात रेडॉन नावालाच उरतो. हा प्रश्न मुख्यतः जमिनीखालून थेट घरात येणाऱ्या पाण्याचा आहे.

शेवटी वेळ लिहायची. मोजणी २४ तासांनी झाली तर ८३ टक्केच रेडॉन शिल्लक असतो, चार दिवसांनी ४८ टक्के. मधला तास माहीत असला की गणिताने मागे जाता येते. दोन वाटांपैकी दुसऱ्या वाटेने गेलेल्याचा हिशेब असा पै-पैने लागतो. पहिल्या वाटेने, म्हणजे बुडबुड्यातून आणि ढिल्या झाकणातून, किती गेले ते मात्र कुठलेच सूत्र सांगत नाही. तिथे हाताची सफाई हाच आधार.

मोजायचे, पण थांबून

पुढे तीन-चार रीती आहेत. जुनी आणि अजूनही विश्वासाची रीत अशी की पाण्यातून हवा बुडबुडवत रेडॉन बाहेर काढायचा आणि तो निर्वात केलेल्या चंबूत ओढून घ्यायचा. चंबूच्या आतल्या भिंतीवर झिंक सल्फाइडचा लेप असतो. त्यावर अल्फा कण आपटला की प्रकाशाचा सूक्ष्म ठिपका चमकतो आणि प्रकाशसंवेदी नळी तो मोजते. अमेरिकेतल्या आर्गॉन प्रयोगशाळेचे हेन्री ल्युकस यांनी १९५७ मध्ये हा चंबू सुधारून मांडला. जगभर तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

चंबू भरल्यावर लगेच मोजणी सुरू करत नाहीत. सुमारे तीन तास थांबतात. रेडॉन फुटून पोलोनियम-२१८ होतो, ते तीन मिनिटांच्या अर्धायुष्याने शिसे-२१४ होते, मग बिस्मथ-२१४, मग पोलोनियम-२१४. या सगळ्यांची फुटण्याची गती रेडॉनशी जुळायला तीन तास लागतात. जुळली की प्रत्येक फुटणाऱ्या रेडॉनमागे तीन अल्फा कण मिळतात, एक त्याचा आणि दोन पोलोनियमांचे. एवढ्या थोड्या अणूंशी व्यवहार असताना तिप्पट वर्दी मिळणे ही मोठी सोय. आणि मोजणी जितकी कमी तितकी अनिश्चितता जास्त. १०० ठिपके मोजले तर आकडा सुमारे १० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो, १०,००० मोजले तर एका टक्क्याने.

दुसऱ्या रीतीत १० मिलिलिटर पाणी पिचकारीने एका तेलकट, पाण्यात न मिसळणाऱ्या चमकद्रावाखाली सोडतात. रेडॉन पाणी सोडून त्या द्रावात जातो आणि तिथेच चमकून मोजला जातो. पळण्याची सवय इथे मोजणाऱ्याच्या पथ्यावर पडते. तिसरी रीत बोअरवरच मोजणाऱ्या पेटीवजा यंत्रांची. अमेरिकेत बनलेल्या रॅड-७ या यंत्राला पाव लिटरची बाटली जोडली, तर पाच मिनिटे बुडबुडे सोडून सुमारे ९५ टक्के रेडॉन बाहेर निघतो आणि अर्ध्या तासात आकडा हाती येतो. अल्फा कणाच्या ऊर्जेवरून तो कुणाचा हे यंत्र ओळखते आणि चटकन स्थिरावणाऱ्या पोलोनियम-२१८ वर भिस्त ठेवते, म्हणून तीन तास थांबावे लागत नाही. मात्र आत जाणारी हवा कोरडी हवी. त्यासाठी शोषक खड्यांची नळी मध्ये असते. निळे खडे ओल धरून गुलाबी झाले की बदलायचे. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘स्मार्ट आरएन-ड्युओ’ हे हातात वागवता येणारे यंत्र विकसित केले आहे. त्याच्या पोटात झिंक सल्फाइडचाच कोश आहे. देशातली अनेक विद्यापीठे ते वापरतात.

या सगळ्या यंत्रांना एक खोड आहे. रेडॉनच्या वंशजांत शेवटाकडे शिसे-२१० येते आणि त्याचे अर्धायुष्य २२ वर्षांचे. जास्त रेडॉनचे नमुने मोजत गेले की हे शिसे यंत्राच्या भिंतींवर साठते आणि कोऱ्या हवेतही यंत्र थोडे मोजतच राहते. वायू चार दिवसांत निम्मा होतो, पण त्याची खूण यंत्रात वर्षानुवर्षे राहते. म्हणून दर नमुन्याआधी कोरी मोजणी, आणि अधूनमधून ठाऊक प्रमाणाच्या रेडियम-द्रावणावर यंत्राची परीक्षा. ते द्रावण सुमारे महिनाभर बंद ठेवले की त्यात रेडियमइतका रेडॉन भरतो. हीच युक्ती उलटी वापरून पाण्यात विरघळलेले रेडियमही मोजता येते. ताज्या पाण्यातला सुटा रेडॉन काढून टाकायचा, बाटली महिनाभर बंद ठेवायची, आणि मग जो सापडेल तो रेडियमने नव्याने दिलेला.

ग्रॅनाइटवरची शहरे

बंगळुरूत ही मोजमापे गंभीर झाली. शहर ग्रॅनाइट आणि नाइस खडकांवर वसलेले, आणि वाढत्या वस्तीची तहान खोल बोअरवर. २०१० मध्ये ‘जर्नल ऑफ द जिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडिया’त शहराच्या काही भागांतील भूजलाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात काही ठिकाणी रेडॉन लिटरला १००० बेकरेलच्या वर होता.

याचा धोका कसा मोजायचा? पाण्यातला रेडॉन दोन रीतीने त्रास देतो. पिण्यातून जठराला आणि घरातल्या हवेत मिसळून फुप्फुसाला. अमेरिकी अंदाजानुसार तिथे पाण्यातील रेडॉनमुळे वर्षाला सुमारे १६८ कर्करोगबळी जातात. त्यातले ८९ टक्के फुप्फुसाचे, ११ टक्के जठराचे. म्हणजे प्यायलेल्या पेल्यापेक्षा अंघोळीच्या, भांड्यांच्या, कपड्यांच्या पाण्यातून उडालेला वायू जास्त जड जातो. ढोबळ प्रमाण असे धरतात की पाण्यात जितका रेडॉन, त्याचा दहा हजारावा भाग घरातल्या हवेत भर घालतो. या हिशेबाने लिटरला १००० बेकरेलचे पाणी घनमीटर हवेत १०० बेकरेलची भर घालते, आणि हवेसाठी जागतिक आरोग्य संघटनेने सुचवलेली संदर्भ पातळी नेमकी तेवढीच आहे. हे प्रमाण दारे-खिडक्या मिटलेल्या थंड देशांतल्या घरांवरून आले आहे. खेळती हवा असलेल्या घरात भर कमी पडेल. वातानुकूलित, बंद सदनिकेत तसे म्हणता येणार नाही.

पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २००४ च्या मार्गदर्शिकेत सार्वजनिक पुरवठ्यात १०० बेकरेलच्या वर नियंत्रण सुचवले होते. युरोपीय संघाचा २०१३ चा आदेशही १०० चा आकडा धरतो आणि सदस्यदेशांना १००० पर्यंत मोकळीक देतो. अमेरिकेचा ११.१ चा प्रस्ताव कायदा झालाच नाही. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात, आयएस १०५०० मध्ये, रेडॉनचा वेगळा आकडा नाही. अल्फा उत्सर्जकांसाठी लिटरला ०.१ बेकरेल अशी मर्यादा आहे आणि ती वाचून वाटते की रेडॉन तीत आलाच, कारण तोही अल्फाच सोडतो. पण एकूण अल्फा मोजण्याच्या रूढ रीतीत पाणी आटवून खाली उरलेला साका मोजतात. आटवताना रेडॉन केव्हाच उडून गेलेला असतो. कागदोपत्री निर्दोष ठरलेले पाणी रेडॉनच्या बाबतीत तपासलेलेच नसते, आणि अहवालात ही गोष्ट कुठेच लिहिलेली नसते.

उपाय मात्र अवघड नाही. ज्या खोडीमुळे मोजणे जिकिरीचे, तीच खोडी इथे कामी येते. पाणी उंचावरून फवारून पाडले, त्यात हवा सोडली, तर बहुतेक रेडॉन निघून जातो. फक्त ही हवा घरात न सोडता बाहेर सोडायची. सक्रिय कोळशाची गाळणीही रेडॉन धरते, पण त्यात शिसे-२१० साठत जाते आणि काही वर्षांनी ती गाळणी हा स्वतंत्र प्रश्न होऊन बसतो.

झिरपते कुठे, हलते काय

धोक्यापेक्षा या वायूचा उपयोग मोठा, असे भूजलाचे अभ्यासक म्हणतील. भूजलात रेडॉन असतो, उघड्या पाण्यात जवळजवळ नसतो. म्हणून नदीच्या किंवा समुद्राच्या पाण्यात तो अचानक वाढला, तर तिथे जमिनीखालून पाणी येते आहे असे समजावे. स्वित्झर्लंडच्या ग्लाट नदीकाठी ह्योन आणि फॉन गुंटेन यांनी हे उलट्या दिशेने वापरले. नदीचे पाणी काठच्या वाळूत शिरले की त्यात रेडॉन चढू लागतो. काठापासून दूरदूरच्या विहिरींत तो किती चढला हे मोजून पाणी किती दिवसांपूर्वी आत शिरले हे त्यांनी काढले आणि १९८९ मध्ये मांडले.

समुद्रासाठी फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाच्या विल्यम बर्नेट यांनी हवा-पाण्याची सतत देवाणघेवाण करून अखंड मोजत राहणारी यंत्रणा रूढ केली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था आणि युनेस्को यांच्या पुढाकाराने अनेक किनाऱ्यांवर वेगवेगळ्या रीती एकमेकींशी ताडून पाहण्यात आल्या. त्यातला एक किनारा मॉरिशसमधले फ्लिक-आं-फ्लाक. मॉरिशसच्या मराठी समाजाला हा किनारा सांगायला नको. हे बेट आपल्या दख्खनसारखे बेसॉल्टचे. तिथल्या उथळ खाजणात गोड्या पाण्याचे झरे फुटतात. म्हणजे युरेनियम कमी असलेल्या काळ्या दगडातही हा माग काढता येतो, फक्त मोजणी अधिक धीराची लागते. कोकणात ओहोटीला वाळूतून झिरपणारे गोडे पाणी पाहिलेल्यांना याचे मोल कळेल. पावसाचे किती पाणी न वापरता भूगर्भातूनच समुद्राला मिळते, हा तिथल्या प्रत्येक टंचाईमागचा प्रश्न आहे.

पळालेला वायूही मागे खूण ठेवतो. जमिनीतून हवेत गेलेला रेडॉन फुटत फुटत शिसे-२१० होतो आणि पावसाबरोबर खाली येतो. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत दीर्घकाळ काम केलेले, एवढ्या एकाच नावाने ओळखले जाणारे रामा यांनी कोइदे आणि गोल्डबर्ग यांच्यासोबत १९६१ मध्ये नैसर्गिक पाण्यातील शिसे-२१० वर निबंध लिहिला. तळी आणि खाड्यांच्या गाळाचे गेल्या शे-सव्वाशे वर्षांचे वय काढण्याची आजची रूढ रीत याच शिशावर उभी आहे.

भूकंपाच्या बाबतीत मात्र आशेने पुराव्याच्या पुढे धाव घेतली. १९६६ च्या ताश्कंद भूकंपाआधी तिथल्या खोल विहिरीत रेडॉन वाढल्याचे सोव्हिएत संशोधकांनी सांगितले. जपानमध्ये १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपाआधी निशिनोमियाच्या एका विहिरीत आधीच्या ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये रेडॉन सुमारे चौपट झाला होता, ८ जानेवारीला दहा पटींहून वर गेला आणि मग उतरू लागला. हा लेख ‘सायन्स’मध्ये आला तो त्याच वर्षी, भूकंप होऊन गेल्यावर. अडचण नेमकी तिथे आहे. रेडॉन पावसाने, हवेच्या दाबाने, उपशानेही चढतो-उतरतो. भूकंपानंतर मागे वळून पाहिले तर चढ सापडतो. भूकंप न होताही आलेले चढ कुणी मोजत बसत नाही. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपापासून धरणीकंपांची सवय झालेल्या कोयना-वारणा भागात हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने जमिनीतल्या वायूतील रेडॉन सतत नोंदवला आहे. अशा वर्षानुवर्षांच्या, कंटाळवाण्या वाटणाऱ्या नोंदीच काही सांगू शकतील. इशाऱ्याचे यंत्र म्हणून रेडॉनकडे आज कुणी पाहू नये.

कुणी जायचे

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टवर आहे म्हणून निश्चिंत राहता येत नाही. गोंदिया-गडचिरोलीकडचे आमगाव नाइस आणि त्याभोवतालचे ग्रॅनाइट, नांदेडच्या दक्षिणेकडचे देगलूर-बिलोलीचे ग्रॅनाइट, सिंधुदुर्गातले प्राचीन खडक, हे सगळे बंगळुरूच्या कुळातले. तिथल्या गावांत बोअरचे पाणी थेट घरात जाते. या पाण्यात किती रेडॉन आहे हे जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या मागवून कळणार नाही, आणि एका फेरीत आणलेल्या आकड्यावर विसंबूनही कळणार नाही. पावसाआधी आणि पावसानंतर, उपसा जोरात असताना आणि थांबलेला असताना, एकाच बोअरवर पुन्हा पुन्हा जावे लागेल.

आपल्याकडे असे जाणारे लोक आहेत. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची माणसे निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा मोजतात. ठरलेली विहीर, ठरलेला हंगाम, पिढ्यांच्या नोंदी. रेडॉनच्या शास्त्राला नेमकी हीच शिस्त लागते, आणि ती नव्याने उभी करणे हे यंत्र घेण्यापेक्षा किती तरी महाग काम आहे. तुर्भ्यात बनलेले यंत्र गाडीच्या मागच्या आसनावर मावते. ग्रॅनाइटच्या तालुक्यांत पातळी मोजायला निघालेल्या गाडीत ते ठेवले आणि विहिरीशेजारच्या चालू बोअरवर अर्धा-पाऊण तास जास्त थांबले, तर पाच वर्षांत असा नकाशा तयार होईल जो आज कुठल्याच कार्यालयात नाही. त्या नकाशावर प्रत्येक आकड्याशेजारी तास आणि मिनिट लिहिलेले असावे, एवढाच आग्रह धरायचा.